सदतिसावी जोडी

परभणी, नवा मोंढा. व्यापारी संकुलाच्या जिन्याखाली
पत्र्याची पेटी उघडली, तेव्हा आधी पाल पळाली,
मग वास आला, केबलमधल्या जेलीचा.
हात रॉकेलनं धुतले तरी
हा वास जेवताना बोटांना यायचा,
सव्वीस वर्षं.

रिटायर झालोय. तरी बोलावलं,
कारण कुठली तार कुणाच्या गाळ्यात जाते
हे आता कुठल्याच वहीत नाही.
पांढरी-निळी: कोटलवार, सरकी-पेंड.
पांढरी-नारिंगी: नोटरी.
पांढरी-हिरवी: झंवर शेठ,
दोनदा दिवाळं निघालं, दोनदा हाच नंबर परत मागितला.

वर निलोफर काच जोडत बसलेली.
केसाएवढी दोन टोकं, एक ठिणगी,
पडद्यावर आकडा. "मस्त बसलं, काका."
मी उभ्या जन्मात काच जोडली नाही.
तांब्याला पीळ देता येतो.
तांबं जोडीनंच चालतं, एक जाणारी, एक येणारी.
हिची काच एकटीच जाते
आणि एकटीच परत येते म्हणे.

तोडत तोडत सदतिसाव्या जोडीला आलो.
सवयीनं टेस्टर लावला.
"टोन यायलंय?" तिनं वरून विचारलं.
यायलंय.

गाळा चौदा. शिकलगार घड्याळवाले.
गेले त्याला तीन दिवाळ्या झाल्या.
शटरच्या कुलपाला गंज,
बिल मात्र बँकेतून आपोआप जात राहिलेलं.

तेवढ्यात लाइट गेली.
निलोफरच्या नव्या डब्यानं हिरवा डोळा मिटला.
माझ्या कानात टोन तसाच.
एक्स्चेंजच्या बॅटरीतून
अठ्ठेचाळीस व्होल्टची शिदोरी बांधून आलेला.

तिनं ऐकला. पहिल्यांदाच.
"कोण बोलायलंय हे?"
कोणी नाही गं. नंबर फिरवायची वाट बघायलंय.

मग काय वाटलं कोण जाणे,
तपासणीचा नंबर फिरवला आणि ठेवून दिला.
अंधारात, बंद शटरच्या आत,
घंटी वाजायला लागली.
चहाचा पोऱ्या किटली धरून थांबला.
झंवर शेठ बाहेर आले, चष्मा कपाळावर.
"अरे, कोणी उचला की."

वाजत असतानाच कापली.
घंटीची वीज वेगळी असते, जोरात चावते.
माहीत होतं. हातमोजे खिशात होते.

संध्याकाळी भंगारवाल्यानं तांबं तोललं:
एकसष्ट किलो, वर थोडं.
ते वरचं त्यानं धरलं नाही.