तिसरी खुर्ची

चरईत बस्त्याव मिस्किटाच्या माडीवर
मी भाडेकरू होतो. भाडं एकशे दहा,
आणि रोज संध्याकाळी ग्रामोफोनला चावी देणं.
त्याचा उजवा खांदा वर जात नव्हता.

मी वागळे इस्टेटमध्ये लेथवर.
घरी आलो की आधी साबण, मग राख, मग पुन्हा साबण,
तरी तो म्हणायचा, कडेनं धर, कडेनं,
बोटाचं तेल खाचेत गेलं
की ट्रॉम्बोन घसरतो.

तबकडी एकच. जड. लाखेची,
जिच्या बांगड्या होतात त्या लाखेची.
केसाएवढा तडा,
म्हणून दर फेऱ्याला एक टक्.
लेबलवर हॉटेलचं नाव, मास्तरचं नाव, सोनेरी,
आणि खाली बारीक अक्षरांत: व त्यांचा वाद्यवृंद.
त्या एका शब्दात चौदा माणसं दाटीवाटीनं बसलेली.
दोन म्हापशाची, एक रेल्वेतल्या गार्डाचा मुलगा,
ड्रमवाला पुण्याच्या लष्करी बँडातून पळालेला,
आणि ठाण्याहून बस्त्याव,
उसन्या काळ्या कोटात,
तिसरा आल्टो.

तिसरा म्हणजे काय, मी विचारलं.
साडीची तिसरी निरी, तो म्हणाला.
दिसत नाय. काढून बघ.

आणि स्विंग?
कागदावर सगळं सरळच लिवलेलं असतं, बाबा.
वाजवायचं नाय सरळ.
दुसरा सूर उंबऱ्यात जरासा थांबवायचा,
चप्पल शोधतोय असा.
चौदा जणांनी. एकाच वेळी.
मी म्हटलं, थांबवायचा किती? मिलिमीटरमध्ये सांगा.
तो हसून हसून खोकला.
मोजलास की मेला तो.

मग सुई टेकायची,
ट्रम्पेट उठायचे दार लाथेनं उघडल्यासारखे,
आणि बस्त्याव डावं बोट वर करायचा:
आयक. आत्ता. हा मी.

मला कधीच ऐकू आला नाही.
दीड वर्ष मी मान हलवत राहिलो.

त्यानं ते ओळखलं असणार.
एका रविवारी मिसाहून आला, बूटही न काढता बसला
आणि म्हणाला, त्या दिवशी स्टुडिओत
भिंतींना गाद्या टांगलेल्या, पंखे बंद,
घाम सॅक्सच्या चाव्यांवर.
मेणाची शेवटची चकती उरली होती.
तिसऱ्या कडव्याआधी सगळे थांबतात, दोन ठोके.
तिथं मी श्वास घेतला. लवकर. तोंडानं.
मास्तर काय बोलला नाय.
पाकिटात दोन रुपये कमी.

सुई तिथं ठेव.

मी ठेवली.
टक् आणि टक् यांच्या मधे
चौदा माणसं गप्प,
आणि एक माणूस
विहिरीत सूर मारण्याआधी घेतो तशी
छाती भरून घेतो.
मग सगळे.

नंतर कितीदा तरी ऐकलं मी ते.
बाकीची तबकडी त्या श्वासापर्यंत पोचायला होती.

बस्त्याव गेला तेव्हा त्याच्या मुलीनं ग्रामोफोन वाशीला नेला,
तबकडी मला दिली. चिरलेलं कोण ठेवणार.
तेवीस वर्षं ती माझ्या कपाटात, दोन सदऱ्यांमधे.

परवा ऐरोलीच्या पुतण्यानं
ती संगणकात उतरवून दिली.
कानाला हेडफोन लावले माझ्या, स्वतः समोर उभा:
काका, सगळा कचरा काढलाय.
खरंच काढला होता.
टक् नाही, तळणाची खरखर नाही,
ट्रम्पेट इतके कोरे की मला मास्तर दिसला.
तिसरं कडवं आलं.
दोन ठोके.
धुतलेल्या फरशीसारखे.

मी हेडफोन काढले.
म्हटलं, परत घाल.
काय परत घालू?
सगळं.
तो म्हणाला, काका, टक् टक् पण?

टक् पण.