पोटहिस्सा

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वाटण्या मोजल्या.
वसमत, औंढा, कळमनुरी.
साखळी ओढली, शंकू ठोकले,
उन्हात भावाभावांच्या मधे उभा राहिलो
आणि कुऱ्हाड कुठं ठेवलीय ते आधी बघून घेतलं.

म्हणून आफरीन म्हणाली,
‘चाचा, डिस्कचे दोन हिस्से करावे लागतील,’
तेव्हा तोंडातून निघून गेलं :
‘नोटीस कुणाकुणाला काढायची?’

वरच्या खोलीतल्या भाडेकरूंची पोरगी.
नांदेडला पॉलिटेक्निकला, शनिवारी घरी.
माझा कॉम्प्युटर चालू होईस्तोवर
चहा उकळून ऊतू जायचा.
‘विंडोज राहू द्या जागच्या जागी,
शेजारी लिनक्स बसवते. एकाच घरात दोघं.’
एकाच घरात.
असली घरं मी पाहिलेली आहेत.

पडद्यावर एक लांबट निळी पट्टी आली.
तिनं उजवी कड धरली नि डावीकडं सरकवली
इतक्या सहज
की माझ्या पोटात गोळा आला.
पाचशेतले एकशेवीस.
दगड नाही, पंच नाहीत, अंगठा नाही,
कुणाच्या आईनं हाय खाल्ली नाही.

अठ्ठावन्न टक्क्यांवर लाईट गेली.
इन्व्हर्टर कण्हला. मी पळत जाऊन फ्रीज बंद केला, पंखा बंद केला,
मग दोघंही अंधारात पट्टीकडं बघत बसलो.
मागच्या आखाड्यावर हळद शिजत होती,
वास खिडकीतून थेट आत.
‘कुछ नै होता चाचा,’ ती म्हणाली
आणि ओढणीचं टोक चावत राहिली.

झालं काहीच नाही.

आता बटण दाबलं की काळ्या पडद्यावर दोन ओळी येतात :
कुणाकडं जायचं, दहा सेकंदांत सांगा.
मी सात-आठ सेकंद उगाच जाऊ देतो.
इतक्या अदबीनं मला
ऑफिसात कधी कुणी विचारलं नव्हतं.

तंटा एकच झाला, वेळेवरून.
रात्री नऊला लिनक्समधून विंडोजमध्ये आलो
तर तिथं दुपारचे साडेतीन.
एकजण घड्याळ विलायतेचं धरतो, दुसरा आपलं.
आफरीननं एक ओळ लिहिली, मिटलं.
साडेपाच तासांचा दावा!
मी साडेपाच हातांचे दावे
बापाकडून लेकाकडं गेलेले पाहिलेत.

परवा मात्र विंडोजला तो शेजार दिसला.
नव्या हिश्श्यातून जुन्याचं सगळं दिसतं,
पेन्शनचे कागद, बारशाचे फोटो, विजेची बिलं.
जुन्याला नव्यातलं एक अक्षर लागत नाही.
लागत नाही, म्हणून तिथं काहीच नाही, असं त्याचं म्हणणं.
खिडकी उघडून मला विचारतो :
ही जागा वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल. करू?

हात माऊसवर तसाच राहिला.

त्र्याण्णव साल. गट नंबर दोनशे सात, गायरान.
केरबा खिल्लारेची ज्वारी माझ्या छातीला लागत होती.
तिच्यातच जागा करून प्लेन टेबल मांडलं,
त्याच्याच तांब्यातलं पाणी प्यालो,
त्याची बायको म्हणाली, साहेब, हुरड्याला या,
आणि मी रकान्यात लिहिलं : पडीक.
नमुन्यात दुसरा शब्द बसत नव्हता.
अक्षर माझं फार चांगलं.
वरचे साहेब तेवढं नेहमी म्हणायचे.

‘नाही’ दाबलं.
पुन्हा चालू केलं, पुन्हा खिडकी, पुन्हा ‘नाही’.

आफरीनला फोन लावला.
म्हणाली, ‘त्या हिश्श्याला विंडोजनं एक अक्षर देऊन टाकलंय चाचा,
म्हणून विचारतंय. शनिवारी येऊन काढते,
मग नाही विचारणार.’

म्हणालो, राहू दे.
विचारू दे रोज.