काखेतला तुकडा

मी सुटीवर येतेय हे बापाला कळवलं नव्हतं.
तरी टेकडीवरून गेरच्या दाराशी धूर दिसला
तेव्हाच ओळखलं, कुणीतरी बातमी पोचवलीय.
बहुतेक पेट्रोलपंपावरच्या गोम्बोसुरेननं.

दगड तापत होते. नदीतले, गुळगुळीत, मुठीएवढे.
दरसाल तेच. जेवण झालं की मोजून पोत्यात परत.
ते लाल होईस्तोवर बाप बोलत नाही.
मीही नाही बोलले.
माझ्या पिशवीत झावखानच्या साथकेंद्राचं ओळखपत्र
आणि शंभर पत्रकं:
तार्वगा मारू नका, सोलू नका, खाऊ नका.
पत्रकावरचं चित्र माझंच,
मागच्या दोन पायांवर उभा, पंजे पोटावर,
जेवायला बोलावल्यासारखा.

तो खरंच तसा उभा राहतो.
बाप पांढरा अंगरखा चढवतो, सशाच्या कानांची टोपी,
हातात याकच्या शेपटीचा गोंडा,
आणि माळावरून लंगडत, वाकत, नाचत पुढे सरकतो.
बिळाच्या तोंडाशी तो बघत बसतो,
हे काय आता, म्हणून.
आत पळायचं सुचत नाही त्याला.
लहानपणी मी म्हणायचे, बाबा, तो हसतोय.
हसू दे, दात बघ केवढे.

आतलं सगळं गळ्यातून काढून झालं होतं,
कातडं अख्खं, पिशवीसारखं.
लाल दगड चिमट्यानं आत गेला, चर्र.
मिठाचा खडा, रानकांदा, परत दगड.
तारेनं गळा आवळला.
मग वेल्डरकडून मागून आणलेला ब्लोटॉर्च.
केस जळतात तेव्हाचा वास मी सांगणार नाही.
सांगितला तर तुम्हाला घास जायचा नाही,
आणि मला भूक लागली होती, हे खरं.

"बंदी आहे," मी म्हटलं.
"त्याला कुठं ठाऊक होतं," बाप म्हणाला,
आणि ज्योत शेपटीकडे वळवली.

जूनमध्ये केंद्रात एक मुलगा आणला होता.
तेरा वर्षांचा. काखेत अक्रोडाएवढी गाठ.
रजिस्टरात त्याचं नाव मी लिहिलं.
चार दिवसांनी शेवटचा रकानाही मीच भरला.
हे बापाला सांगायचं ठरवून आले होते.

त्यानं कातडं उभं चिरलं. वाफ. पिवळी चरबी.
कुणी हात लावायच्या आधी
पुढचा पाय उचलून काखेतून
सुरीच्या टोकानं एक तुकडा काढला,
पावट्याच्या दाण्याएवढा, राखाडी,
आणि विस्तवाच्या कडेला टाकला. कुत्र्यालासुद्धा नाही.
माणसाचं मांस ते.
तार्वगा पूर्वी माणूस होता,
त्यातला एवढाच काखेत राहून गेलाय. तो खायचा नसतो.

शंभरदा पाहिलं होतं.
पण आम्ही सुई टोचतो ती हीच जागा,
हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.
"कुणी शिकवलं तुम्हाला?"
"कुणी म्हणजे? असंच असतं."

काडीनं तो दाणा मी ओढून घेतला, दाबून बघितला.
मऊ. लहान. सुजलेला नाही.
यावरून काहीच सिद्ध होत नाही,
हे मी इतरांना शिकवते, पगार घेऊन.

बापानं माखलेला, चटका देणारा दगड माझ्या हातात दिला.
या तळव्यातून त्या तळव्यात, त्या तळव्यातून या.
थकवा जातो म्हणतात.
मग मी खाल्लं. बरगडीजवळचं, बोटं चाटून,
बदकाहून जड, शेवटी किंचित मातीची चव.
मुलाचं सांगायचं राहिलं.

हात पुसायला बापानं पत्रक घेतलं. चित्र पाहून थांबला.
"बरं काढलंयस, ओयून. शेपूट तेवढी आखूड कर."
ते घडी घालून खिशात ठेवलं, आणि हात गवताला पुसले.

सुटी वाढवून घेतली.
दहा दिवस, सकाळ-संध्याकाळ,
आधी त्याच्या, मग माझ्या काखेत थर्मामीटर.
तो हात घट्ट मिटून बसायचा,
आत काहीतरी राखून ठेवल्यासारखा.