टोपली काढली, घंटी ठेवली

पाण्यात पडलं की पोहता येतं, म्हणतात.
येत नाही.
मी पडून पाहिलं, मार्चमध्ये, विल्यांदीच्या तरणतलावात,
बावन्नाव्या वर्षी, भाड्याची टोपी घालून.
नाकात पाणी, कानात पाणी,
आणि काठावर एकोणीस वर्षांचा रासमुस
म्हणतोय : श्वास घ्यायचं नंतर बघू,
मारिका, आधी सोडा.

सोडा म्हणे.
तीस वर्षं भट्टीचं दार उघडताना मी श्वास धरत आलेय.
शेजारच्या पट्टीत ऐंशीच्या घरातल्या एक बाई
फुलाफुलांची टोपी घालून
दर फेरीला मला मागे टाकायच्या,
आणि दर फेरीला नव्याने सुप्रभात म्हणायच्या.

साडेसातशे मीटर पोहणं. वीस किलोमीटर सायकल. पाच किलोमीटर धावणं.
कागद मी पिठाच्या गोण्यांवर चिकटवला.
वेल्लोने हात पुसत वाचला.
"हे सगळं एकाच दिवशी?"
"एकाच सकाळी," मी म्हटलं,
आणि माझंच बोलणं ऐकून पोटात गोळा आला.

सायकल एंडेलच्या हेल्युची.
ती गेल्यापासून सरपणाच्या खोपटात उभी होती.
त्याने पान्याने पुढची टोपली काढली,
तिच्यात बटाटे भरून ओसरीवर ठेवली.
घंटीला मात्र हात लावू दिला नाही.
"वजन किती असेल तिचं?" तो म्हणाला.
"एका अंड्याएवढं."

जूनमध्ये इकडे रात्र नावापुरती.
पहाटे चारला पाव बाहेर, पाचला मी रस्त्यावर,
केसांत पीठ, खिशात राईच्या पावाचा टोकाचा तुकडा.
स्मशानाच्या चढावर सायकलवरून उतरून धावायला लागले
तर पाय माझे नव्हतेच.
कणीक. तीही सैल मळलेली,
आकार धरेना.
रासमुस म्हणतो, होतं असं, दहा मिनिटांनी परत येतात.
चौदा लागली. मी मोजली.

मग अंगणात सराव, कपडे बदलायचा.
ओल्या पायावर मोजा चढवायचा, एका पायावर उभं राहून.
आधी हेल्मेट, मग सायकलला हात.
समोरच्या घरातली पोरं कुंपणावर रांगेत बसलेली,
मी पडले की टाळ्या.
दुसऱ्या आठवड्यात त्यांनी घड्याळ आणलं.

ताम्परेहून काद्रीचा फोन : आई, कुणाला दाखवायचंय हे?
मी म्हटलं, पाव करपेल, ठेवते.
भट्टी त्या वेळी गार होती.

जुलैच्या एका सकाळी तळ्यात, लाल बोयाच्या अर्ध्या वाटेवर,
मी थांबले.
दमले नव्हते. अचानक लक्षात आलं की
खाली काही नाही.
पाठीवर वळले. आभाळ, एक बगळा,
आणि टेकडीवर आमच्या बेकरीची चिमणी.
धूर येत होता.
माझ्यावाचून येत होता, आणि सरळ वर जात होता.
वेल्लोने दार वेळेवर उघडलं असेल का,
या काळजीत मी एवढी हसले की पाणी प्यायले,
खोकले,
आणि उरलेलं अंतर कसं गेलं ते आठवत नाही.
बोया शेवाळलेला, बुळबुळीत. धरून ठेवण्यासारखा नव्हता.

उद्या शर्यत.
दंडावर काळ्या शाईने २१४ लिहिलंय,
तरी आज पाव मीच लावले, आकड्यावर पीठ बसलंय.
एंडेल संध्याकाळी येऊन चाकात हवा भरून गेला.
बसथांब्याच्या वळणावर उभा राहणार आहे म्हणे.
"माणसं आता मला सगळी सारखीच दिसतात," तो म्हणाला.
"तेवढी घंटी वाजव."

अंगणातून सायकल आत घेतली.
घंटीत तेलाचे दोन थेंब सोडले,
आणि दार लावून, हळूच,
एकदा वाजवून पाहिली.