शनिवारची यादी

भाच्याने स्पीकर आणून दिला, नारळाएवढा,
म्हणाला, मावशी, आता यादी कर.
यादी म्हणजे मला तूरडाळ दहा किलो, कोकम, गूळ, तमालपत्र.
त्याच वहीत मागच्या पानापासून सुरुवात केली.

सत्तावीस मुलं जेवतात माझ्याकडे, दांडिया बाजारात.
बडोद्याची दोन.
बाकीची नकाशात शोधावी लागली,
चष्मा पुसून.

फिरूझ ताजिकिस्तानचा. त्याचं गाणं सात मात्रांचं.
हंसाबेनचं लाटणं जन्मापासून हींचमध्ये, सहात चालतं.
तीन पोळ्या वाकड्या झाल्यावर तिने वर पाहिलं,
"आ कोण छे? एक पगलुं वधारे नाखे छे!"
काढू का, विचारलं.
नको म्हणाली. शनिवारी भात जास्त लावू.

त्शेरिंगने दोन दिली. दोन्हींत इतकी थंडी
की भर मे महिन्यात मी पंखा एकने कमी केला.
मोझांबिकच्या ग्रासाने चाळीस पाठवली.
चाळीस! बाई, ताटात चटणी किती वाढतात?
मग ती एकेक वगळत गेली, उभ्याने, नाचत,
आणि अडतिसावं वगळताना
पिंपावर बसलीच.

ज्या गाण्याने हात थांबला ते ठेवलं,
ज्याने हात भराभर चालला तेही.
नुसती गोड होती ती काढली.
भाचा म्हणाला, ही कुठली पद्धत?
अरे, शिऱ्यात चिमूटभर मीठ घालतोच ना आपण.

आमचं म्हणून काय ठेवायचं
यात तीन रात्री गेल्या.
आजोबा दरबारच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे.
रेकॉर्ड एकही नाही.
घरात फक्त रीडची डबी आहे,
तिच्यात आता लवंगा.

चिकोंडी सगळ्यांत शेवटी आला, मलावीचा.
फोन माझ्या कानाला लावला, आवाज अगदी बारीक.
त्याची आई, चर्चमधल्या बायका,
मध्येच एक कोंबडा.
चार मिनिटं.
म्हणाला, हे लावू नका मावशी.
पण यादीत असू द्या.

वहीत सातव्या नंबरापुढे नुसती रेघ मारली.
भाच्याला सांगितलं, इथे चार मिनिटं काही नको.
लोकांना वाटेल बंद पडलं, म्हणाला.
वाटू दे.

आज शनिवार. सहावं संपलं.
डाव, नळ, स्टीलच्या वाट्या,
रावपुऱ्याकडे वळणारी एक रिक्षा.
कुणीतरी ओरडलं, मावशी, स्पीकर गेला!
मी भात वाढत राहिले.

चिकोंडी मान खाली घालून आमटी ओरपतोय.
बाकाखाली त्याचा अंगठा
फरशीवर चालू आहे.
हंसाबेनने लाटणं थांबवलं, तिकडे बघितलं,
आणि पुन्हा लाटायला घेतलं, जरा हळू.

किती मात्रा आहेत,
मी दोनदा मोजल्या.
दोन्ही वेळा कुणीतरी मध्येच
वरण मागितलं.