क्रियापदाचे अर्थ

रियाधच्या दक्षिणेला, तासाभराच्या वाटेवर, अल खर्ज.
तिथे वाळूत एक गोठा आहे : अठरा हजार गाई,
डोक्यावर पंखे, पंख्यांतून तुषार,
आणि समुद्रापलीकडून जहाजाने आलेला लसूणघास.
विहीर आता इतकी खोल गेलीय
की वर येणारं पाणी कढत असतं.

माझं काम सोपं.
४४१७ नंबरच्या गाईला म्होरकी चढवायची,
म्होरकीला नळी, नळीला पाठीवरचा डबा.
दिवसभर ती ढेकर देते,
मी ढेकर मोजतो.
शिरवळला पदविका करताना कुणी म्हणालं असतं
तुला ढेकरांचा पगार मिळेल,
तर मी हसलो असतो.
(हे वाक्य संकेतार्थी. असू दे.)

अब्दुलबागी, सुदानचा, गाईचं डोकं काखेत धरतो.
विचारतो, या हवेचं पुढे काय करता?
मी सांगतो, अहवाल.

अहवालात मी लिहिलं होतं :
चारा बदलूनही मिथेन वाढतो.
डेक्लन डॉक्टरने वाचलं, चष्मा पुसला.
भला माणूस. त्याच्या बायकोने माझ्या मुलीला
लोकरीची टोपी विणून दिलीय, या वाळवंटात.
म्हणाला, ‘वाढतो’ जरा जड होतंय.
मग ‘वाढू शकतो’.
मग मसुदा गेला रियाधला, दूध-मांसवाल्यांच्या मंडळाकडे,
ज्याने नळीचे, डब्याचे
आणि माझ्या इकाम्याचे पैसे भरले होते.
परत आला तेव्हा वाक्य असं होतं :
वाढत असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

काही अभ्यासक म्हणजे मी.

सातवीत मुळीक बाई फळ्यावर लिहायच्या,
गाय दूध देते. बोला, क्रियापदाचा अर्थ कोणता?
स्वार्थ, बाई.
वर्ग हसायचा. गाईचा कसला आलाय स्वार्थ!
बाई खडू आपटायच्या : अरे, स्व-अर्थ.
जे आहे तेवढंच.
हवं-नको नाही, जर-तर नाही.
आणि द्यावे, करावे, असावे?
विध्यर्थ, बाई.
तेव्हा ते चार मार्कांचं होतं.
आता कळतं, त्यांनी आपल्या स्वार्थापायी
माझ्या वाक्यातला स्वार्थ काढून घेतला,
आणि मी सही केली.
निळ्या शाईने, तीन प्रतींवर.

दम्मामला हॉटेलात चर्चासत्र झालं.
एक म्हणाला, तांबडं मांस आतड्याला वाईट.
दुसरा, तितकाच शिकलेला, म्हणाला, पुरावा कच्चा आहे.
पहिल्याचं तिकीट काढलं होतं वाटाण्याचं मांस विकणाऱ्यांनी,
दुसऱ्याचं, खाटीकखान्यांनी.
माईक फिरत फिरत दोन रांगा अलीकडेच थांबला.
मी हातही वर केला नव्हता.
रात्री एकाच परातीत कबसा आला,
भाताच्या ढिगावर अख्खं मेंढरू.
दोघे शेजारी बसून एकाच बाजूने जेवले.
पुरावा असेल कच्चा,
मटण मात्र मुरलेलं होतं.
मीही दोनदा घेतलं. मला मटण आवडतं,
हे इथे लिहून ठेवतो, नाहीतर तुम्हाला वाटायचं
मी कुणाच्या तरी तिकिटावर बोलतोय.

मार्चमध्ये ४४१७ आटली.
तिचा नंबर माझ्या वहीतून दुसऱ्या वहीत गेला,
जिथे लिटर नसतात, किलो असतात.
मी ती वही एकदा उघडून पाहिली.
पाठवली. कापली. भरली ३१२.
तिथल्या क्रियापदांना कुणी हात लावत नाही.

अब्दुलबागीने म्होरकी धुतली
त्या कढत पाण्यात, दोनदा,
तरी नळीला तिच्या तोंडाचा वास होता,
आंबट, ओल्या घासाचा.
नवी गाय तो हुंगत राहिली.
मग तिने पहिली ढेकर दिली
आणि मी पेन्सिलीने, पेनाने नाही,
आकडा लिहिला.