सहा आठवडे

डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, सहा आठवडे.
आतली तार अजून रुजायची आहे, डॉक्टरीण म्हणाली.
शिनाणे दोराला धरतात तशी? ओब्दुलियाने विचारलं.
आधी नुसते टेकतात, मग धागे फुटतात,
मग वादळातही हलत नाहीत.
डॉक्टरीण माद्रिदची. असेलही, म्हणाली.

आरोसाच्या खाडीत बायका वाकून तिसऱ्या खरवडताहेत.
हिचं दाताळं दाराशी, कोरडं.
गळ्याच्या हाडाखाली काडेपेटीएवढा उंचवटा,
भोवती आधी जांभळं, मग हिरवट, आज पिवळं.
फोन उजव्या कानाला.
झोपेत हात वर जाऊ नये म्हणून
अमारो तो झोळीत बांधतो, सैलसा.

केस मात्र त्याला जमत नाहीत.
चाळीस वर्षं जाळी विणलेल्या बोटांतून
पांढरी वेणी तीनदा निसटली.
चौथ्यांदा त्याने जाळ्याचीच गाठ मारली.
ती आता सुटत नाही.

मध्यरात्री ती जागी, मनगट धरून मोजते.
पूर्वी मधेच एखादी पायरी गळायची,
त्या रिकाम्या जागेची सवय होती तिला.
आता कुणीतरी न चुकता पाऊल टाकतंय.
अमारो, ती हलवते, उजव्या हाताने,
ओहोटी किती वाजता?
तुला काय करायचंय?
काही नाही. विचारलं.